पाइपलाइन कुणाची

"गटार नगरपालिकेचं आहे बाई, आम्हाला त्याला हात लावता येत नाही," ग्रामसेवक म्हणाले.

"पण त्यातून जाणारी पाइपलाइन पंचायतीची," नगरपालिकेच्या इंजिनिअरांनी लगेच उत्तर दिलं.

गाव आणि शहराच्या शिवेवरच्या वस्तीत, गटाराकाठी दोघं नाकाला रुमाल लावून उभे होते. आशा सेविका सुगंधा त्यांची तोंडं बघत होती. महिन्याभरात वस्तीतल्या एकोणीस जणांना कावीळ झाली होती आणि तिच्या शेजारची गरोदर मैना कालच दगावली होती. पिण्याच्या पाण्याच्या फुटक्या पाइपात गटाराचं पाणी शिरतंय, हे सुगंधाने दोन्ही कचेऱ्यांना चार वेळा लेखी कळवलं होतं.

तिचं डोकंच फिरलं. पदर खोचून ती गुडघाभर घाणीत उतरली. तिच्या मागोमाग वस्तीतल्या बायाही उतरल्या. त्यांनी घमेल्यांनी गाळ उपसला आणि वस्तीतल्याच प्लंबरने पाइप जोडून दिला. साहेब लोक केव्हाच निघून गेले होते.

आठवड्याने तिच्या हाती नोटीस पडली. 'आमच्या संयुक्त मालकीच्या पाइपलाइनमध्ये विनापरवाना फेरफार केल्याबद्दल कारवाई का करू नये?' खाली दोन्ही कचेऱ्यांचे शिक्के होते.

सुगंधाने ती दोनदा वाचली. मग मैनाच्या नवऱ्याला सोबत घेऊन ती तडक पोलीस ठाण्यात गेली आणि नोटीस फौजदारांच्या टेबलावर ठेवली.

"पाइपलाइन कुणाची, ते यांनीच लिहून दिलंय, साहेब. आता मैनाच्या मरणाची फिर्याद लिहून घ्या. दोघांच्याही नावाने."