बेदाण्यांची बरणी

तांदळाच्या डब्यामागून ब्रिजितनं बरणी बाहेर काढली आणि तिरपी करून पाहिली. दिवाळीपासून केकसाठी रममध्ये मुरत घातलेले बेदाणे कोरडे पडले होते. तळाशी रमचा थेंबही नव्हता.

नाताळ तीन दिवसांवर आला होता. यंदा बारा माणसांनी घरीच निवांत बसून जेवायचं, हा बेत तिचाच. तिचा नवरा इनास, त्याला दारू सोडून आठ महिने झाले होते, म्हणून तर हे धाडस. गेल्या नाताळात त्यानं पाहुण्यांदेखत वाढलेलं टेबल उलथवलं होतं.

मागच्या दारी चपला वाजल्या. पाय सरळ पडताहेत की नाही, ते ती कान देऊन ऐकत राहिली. इनास आत आला तशी ती बरणी पोटाशी धरून मागं सरकली.

"मोरीत ओतली मी," तो म्हणाला. "झाकण मात्र प्यायलाच उघडलं होतं."

ब्रिजित पुढं झाली. तिनं त्याच्या तोंडाशी नाक नेलं. तोही शाळेतल्या पोरासारखा आ करून उभा राहिला. नुसता चहाचा वास आला.

तिनं सुस्कारा सोडला, तेवढ्यात त्यानं बरणी घेतली. झाकण घट्ट लावून ती ओट्यावर ठेवली.

"बेदाणे संत्र्याच्या रसात घाल," तो म्हणाला. "आणि त्या दिवशी वाढायला दुसरं कुणी बघ. तुझा भाऊ बाटली आणल्याशिवाय राहायचा नाही. तू माझ्याजवळ बस."