मांडीचं मलम

खाजेवर लावायच्या खोबरेलाची वाटी रिकामी होती. फार वेळ बसवत नाही म्हणून सगुणाक्काने लग्नांना जाणं सोडलं होतं. दवाखान्यातलं यंत्र दोन वर्षं तिला मांडीचं मलम देत होतं.

यंत्र सांगितलेली जागाच तपासायचं, आणि सगुणाक्का लाजून "मांडी खाजते" म्हणायची.

आज ती भरल्या रांगेसमोर म्हणाली, "मांडी न्हाई. लघवीच्या जागी गाठ हाय. रक्त येतंय."

"आत्याबाई, हळू," सून पुटपुटली.

"हळू बोलूनच वाढली ही."

यंत्राने तपासलं. "आजी, योनीमुखाचा कर्करोग आहे. वय एक्क्याऐंशी. या वयात शस्त्रक्रिया नियमात बसत नाही. वेदनेच्या गोळ्या घ्या."

"वय काप म्हटलं का मी? गाठ काप."

"नियमानुसार..."

"काल भुईमूग उपटलाय मी. बोलाव नियमाला, एक वाफा माझ्यासंगं उपटू दे."

रांग हसली. सगुणाक्का खुर्चीतून उठेना. मागची म्हातारी म्हणाली, "बस तू. आम्ही थांबतो. मलाबी मांडीचंच मलम मिळतंय."

दुपारी यंत्राने नमतं घेऊन सर्जनबाईंना बोलावलं.

दोन वर्षांपूर्वी खोबरेल लावताना गाठ पहिल्यांदा सगुणाक्काच्या हाताला लागली, तेव्हा ती मुगाएवढी होती.