उरलेली मिशी

"मुलांच्या हट्टापुढे मान तुकवणारा बाप मी नव्हे," असं त्र्यंबकराव ठणकावून म्हणाले. त्या वेळी त्यांची मान खुर्चीच्या पाठीवर मागे टाकलेली होती, गळ्याभोवती पांढरी चादर गुंडाळलेली होती आणि कानापासून कानापर्यंत साबणाचा फेस होता.

"बाबा, डोन्ट टॉक," आश्लेषा म्हणाली. मुलीच्या हातात वस्तरा होता. त्र्यंबकराव गप्प बसले.

अमेरिकेत, श्रूजबरीतल्या त्यांच्या स्वयंपाकघरात रविवारची सकाळ होती आणि सोमवारी आश्लेषाची बार्बरच्या लायसन्सची परीक्षा होती. परीक्षेला दाढी करून घेणारा माणूस आपला आपणच न्यायचा होता. तिनं ठरवलेल्या मित्राला ऐन वेळी ताप भरला, आणि घरात दाढी उगवणारा माणूस एकच होता. सोमवार चुकला तर पुढच्या तारखेसाठी कित्येक महिने थांबा. म्हणून ही रंगीत तालीम.

"हजार तास शाळा, वर दीड वर्ष उमेदवारी, आणि आता परीक्षा," त्र्यंबकरावांना राहवेना. "केस कापायला! माझ्या कोडमधल्या एका चुकीनं सबंध बँक बंद पडू शकते. मला आजवर कुणी लायसन्स विचारलं नाही."

"म्हणूनच पडते."

डिशवॉशर रिकामा करता करता आश्लेषाची आई पद्मिनी हसली.

"तू हसू नकोस. अप्पांना काय सांगायचं ते सांग."

अप्पा म्हणजे त्र्यंबकरावांचे वडील, मुक्काम नागपूर. नात 'प्रोफेशनल कोर्स' करते, एवढंच त्यांना सांगितलेलं होतं. ते खोटं नव्हतं, आणि तेवढ्यावर आतापर्यंत निभावलं होतं.

"आपल्या घरात आजवर कुणी..." त्र्यंबकरावांनी सुरुवात केली.

"कुणी काय?" वस्तरा हवेत थांबला.

वाक्याचा उरलेला भाग अमेरिकेत जन्मलेल्या मुलीसमोर उच्चारण्यासारखा नव्हता. वस्तऱ्यासमोर तर नव्हताच.

"काही नाही. मिशीला हात लावू नकोस."

"मिशी सोडूनच करतेय, बाबा. रिलॅक्स."

तेवढ्यात ओट्यावरचा टॅबलेट वाजला. अप्पांचा रविवारचा व्हिडिओ कॉल. पद्मिनीनं सवयीनं बोट लावलं. "उचलू नको!" म्हणायला त्र्यंबकरावांनी मान वळवली, आणि वस्तरा होता तिथेच होता.

डावीकडची अर्धी मिशी अलगद पांढऱ्या चादरीवर उतरली.

पडद्यावर अप्पा आले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि चादरीतल्या मुलाकडे पाहिलं.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या घरात पुरुषाची मिशी आयुष्यात एकदाच उतरत असे, वडील गेल्यावर. त्र्यंबकरावांनी ती कॉलेजपासून, दोन खंडांत, तीन नोकऱ्यांत, वडील हयात आहेत म्हणूनच सांभाळली होती.

"अरे, बाप गेल्यावर काढतात ती," अप्पा म्हणाले. "मी इथे चहा पितोय." पुरावा म्हणून त्यांनी कप वर धरला.

"अप्पा, मी मान फिरवली, चुकून झालं..."

"चुकून अर्धीच? आणि वस्तरा घेऊन ती कोण उभी आहे?"

त्र्यंबकरावांनी पद्मिनीकडे पाहिलं. पद्मिनीनं डिशवॉशरकडे पाहिलं.

"आजोबा, मी," आश्लेषा पुढे आली. ओठ थरथरत होते, हात नाही. "उद्या माझी एक्झाम आहे. मी बार्बर होतेय. बाबा माझे मॉडेल आहेत. म्हणजे... होते."

अप्पांचा चेहरा इतका वेळ हलला नाही की नेट अडकलं असं वाटून पद्मिनीनं टॅबलेट हलवला.

"हलवू नकोस. आहे मी अजून," अप्पा म्हणाले. मग नातीला, "परीक्षा कोण घेतं? सरकार?"

"हो."

"नापास करतात?"

"हात न धुता रेझर उचलला तरी मार्क जातात. रक्त आलं तर..."

"आत्ता आलं?"

तिनं वाकून बापाच्या ओठावरचा फेस पुसला, नीट पाहिलं. "नाही."

"मान फिरवली, मिशी गेली, आणि रक्त नाही," अप्पा स्वतःशीच म्हणाले. "मग उरलेली पण काढ."

"अप्पा!" त्र्यंबकराव चादरीसकट उठले. "तुम्ही असताना?"

"मी असतानाच काढ. नंतर मला कुठे दिसणार आहे? बस खाली. आणि उद्या तिच्याबरोबर तूच जायचंस."

त्र्यंबकराव बसले. मान मागे टाकली. आश्लेषानं आधी हात धुतले, चांगले कोपरापर्यंत. मग दुसरी बाजूही गेली. आरशाशिवायच त्र्यंबकरावांनी ओठावर बोट फिरवलं, आणि तिथे कुणी अनोळखी माणूस भेटावा तसे दचकले.

अप्पांनी कप खाली ठेवला. घसा खाकरला. आता मुख्य विषय निघणार, हे त्र्यंबकरावांनी ओळखलं. घराणं, शिक्षण, चार लोक. त्यांनी डोळे मिटून घेतले. पद्मिनीनं हातातली ताटली छातीशी धरली.

अप्पा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आले आणि त्यांनी तोंड फिरवलं. सबंध पडदाभर एक कान आला, आतून पांढऱ्या केसांचा झुपका बाहेर डोकावणारा.

"आशू," कानामागून आवाज आला, "डिसेंबरात येशील तेव्हा तुझं सामान घेऊन ये. इथे हे कुणी नीट काढत नाही."