बंद पिशवी

खिंडीखालच्या लॉजमध्ये पाहुणा लसणीचं सूप भुरकत होता. बाहेर भरदुपारी बर्फ कोसळत होतं आणि पाहुण्याचं ओझं वाहणारा हर्कबहादूर अजून वरच होता, नुसत्या स्वेटरवर. पाठीवरच्या पिशवीत पाहुण्याची चार जादा जॅकेटं; पण मरेल तरी हमाल पाहुण्याची पिशवी उघडणार नाही, ही यांची इमानदारी! गेल्या साली एकजण तसाच गोठून मेला होता. म्हणून हमालांच्या सरदाराने, मिंग्माने, सकाळीच हर्कला बजावलं होतं, "हवा फिरली तर पिशवी उघड, गाढवा!" हर्क नुसता हसला होता.

दार ढकलून कुणीतरी गलेलठ्ठ आत आलं.

"दादा, तीन घातली," हर्क मान खाली घालून चुलीपाशी बसलेल्या मिंग्माला म्हणाला.

"माझी जॅकेटं!" पाहुणा ओरडला.

मिंग्माने हर्कला घट्ट मिठी मारली. "चोरा, चौथं कुणासाठी ठेवलंस रे?"