शेवटचा नंबर

पळसदरीच्या तळ्यात दरवर्षी प्रौढांची पोहण्याची शर्यत लागे आणि पन्नाशीत पोहायला शिकलेली चंद्राबाई न चुकता शेवटची येई. यंदा बाकीचे अंग पुसून चहा पीत होते, तेव्हा ती कुठं निम्म्यावर पोचली होती. पंच होडी घेऊन तिच्याजवळ आले. "बाई, वर चढा. बक्षिसं द्यायला पाहुणे खोळंबलेत." होडीला हात लावला तरी शर्यतीतून बाद, हे तिला ठाऊक होतं. तिनं तोंडातलं पाणी थुंकलं. "बक्षिसं वाटा की! मी कुठं आडवी आलीय?" ती सावकाश पोहत राहिली. काठाला लागली तेव्हा पाहुणे निघून गेले होते, मांडव सोडणं चाललं होतं. निथळत्या लुगड्यानिशी ती थेट पंचांसमोर उभी राहिली. "पहिल्याचं नाव माईकवर पुकारलंत ना? आता शेवटचीचं बी पुकारा." पंचांनी माईक तोंडाशी धरला. "मोठ्यानं," ती म्हणाली.