शेळीची बातमी

मुलांनो, डोळ्यांसमोर एक अंगणवाडी आणा. तिथे नाव घातल्यापासून एक शब्दही न बोललेली मैना आज धावत आली आणि ताईंचा पदर ओढून म्हणाली, "ताई, आमच्या शेळीला..."

"गप गं! मध्ये बोलू नकोस!"

ताईंच्या हातात मोबाईल होता. सेविकांचं ऑनलाइन प्रशिक्षण आजच संपवायचं होतं, नाहीतर नोटीस मिळणार होती. व्हिडिओ पुढे सरकवता येत नव्हता आणि थांबवला की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

मैनेचं तोंड मिटलं. पडद्यावरच्या बाई गोड हसून सांगत होत्या, "मूल बोलत असताना त्याला मध्येच थांबवू नका. प्रेमाने विचारा, काय सांगायचंय तुला, राणी?"

ताईंच्या डोक्यात तिडीक गेली. "अहो, तुमच्यापायीच गप्प केलं मी तिला! पोरं सांभाळू की तुमची तोंडं बघू?" त्यांनी मोबाईल सतरंजीवर आदळला आणि त्या मैनेपुढे बसल्या. "चुकलं माझं, बाळा. काय झालं शेळीला?"

मैना त्यांना वळसा घालून गेली. पालथा पडूनही बोलत असलेला मोबाईल तिने उलटवला आणि त्यातल्या बाईंना हळूच सांगितलं, "करडू झालं."