शनिवारची प्रदक्षिणा

"रोना नक्को, भारतीअम्मा. ताली बजाना, जोर से!"

मिस आयरिसचा तो घोगरा आवाज भारतीच्या कानात सकाळपासून घुमत होता. सिकंदराबादच्या जुन्या हॉटेलात ती कॅबरे गायची, पियानोही स्वतःच वाजवायची. तिला जाऊन महिना झाला. आज शनिवारी तिथं तिच्या आठवणींची मैफल होती, आणि सोमवारपासून हॉटेल पाडून शॉपिंग कॉम्प्लेक्स उभं राहणार होतं.

भारतीनं त्या हॉटेलात कधी पाऊल टाकलं नव्हतं. पण त्याच्या मागच्या भिंतीला लागूनच मारुतीचं देऊळ होतं. दर शनिवारी तिन्हीसांजेला सासूबाई, इंदुताई, ओट्यावर बसून गोमुखीच्या पिशवीत हात घालून माळ जपायच्या आणि भारती प्रदक्षिणा घालायची. खिडकीतून पियानो सुरू झाला की तिची पावलं आपोआप त्याच्या ठेक्यावर पडत.

"अगं, हळू! मारुतीला कुठं गाडी पकडायचीय?" इंदुताई ओरडायच्या.

एकदा मिस आयरिस मागच्या दारात वारा खायला आली आणि ती ठेक्यातली प्रदक्षिणा पाहून पोट धरून हसली. तेव्हापासून गट्टी. आजारी पडल्यावर त्याच दारात तिनं वचन घेतलं होतं, मी गेल्यावर एकदा तरी आत यायचं आणि टाळ्या वाजवायच्या.

जायचं खरं, पण घरी सांगायचं काय? चातुर्मासात खोटं बोलायचं नाही, हा नेम दोघी सासवासुनांचा.

"एकटीच कुठं निघालीस गं?" देव्हाऱ्यासमोर गोमुखी घेऊन बसलेल्या इंदुताईंनी विचारलं.

"देवळात..." भारतीची जीभ अडखळली. "देवळामागच्या हॉटेलात. मिस आयरिससाठी."

"तिथं दारू पितात, ठाऊक आहे ना?"

"मी टाळ्या वाजवून परत येईन."

इंदुताई सावकाश उठल्या, चष्मा पुसला आणि गोमुखी उलटी करून झटकली. आतून काहीच पडलं नाही. माळ देव्हाऱ्यातल्या खुंटीवर होती.

"नेम मलाही आहे, तेव्हा खरं सांगते. शनिवारी हिच्यात माळ कधी नव्हतीच. बोटं ठेका धरायची. त्या बयेनं नेमकं ओळखलं, आणि माझ्याकडूनही वचन घेतलं."

भारती खुंटीवरच्या माळेकडे बघू लागली.

"बघतेस काय? आज हात मोकळे हवेत," म्हणत इंदुताईंनी गोमुखी देवापुढं ठेवली आणि त्या पायांत चपला सरकवून, आवाज न करता, जिना उतरायला लागल्या.